दहशतवादी हिंसेचा दोष व्यक्तीचा की समाजाचा?

परळकर (धागाकर्ता), २ ऑगस्ट २०२५

गेल्या महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले, आणि ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली. ती मात्र तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरतीच आहे, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागलेले नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर या दोन्ही दिवशी जे लिहिले गेले, ते वाचून हा धागा काढत आहे. २१ तारखेला ज्यांनी 'मग स्फोट कोणी केले?' असे संतापून विचारले, त्यांतील बहुतेकांना ३१ तारखेला तो प्रश्न पडला नाही. आणि ज्यांना ३१ तारखेला तो पडला, ते २१ तारखेला न्याय झाला म्हणून समाधानी होते. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत सात डब्यांत गेलेली १८० हून अधिक माणसे आणि मालेगावच्या भिक्कू चौकात गेलेली सहा माणसे यांच्याविषयी दोन्ही दिवशी कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. आरोपींच्या नावांवरून जो समाज ओळखू येतो, तो दोषी ठरला की सुटला, एवढाच हिशेब चालला होता.

माझे मत असे, की गुन्हा व्यक्ती करते आणि दोष सिद्ध झाला तर तो तिचाच असतो. परंतु एखादे कृत्य एखाद्या समाजाचे नाव घेऊन केले जाते, तेव्हा त्या समाजावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे म्हणून मला थांबता येत नाही. त्या समाजाकडून निषेधाची अपेक्षा करणे योग्य की अन्याय्य? सदस्यांनी आपले अनुभव आणि मते मोकळेपणाने मांडावीत.

जुना_शिपाई

मी मुंबई पोलिस दलातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे मत अनेकांना आवडणार नाही. बॉम्ब ठेवणारा माणूस आकाशातून पडत नाही. त्याला खोली भाड्याने लागते, गाडी लागते, सिमकार्ड लागते, आणि आठ-पंधरा दिवस तो कोणाच्या ना कोणाच्या ओळखीच्या आधाराने राहतो. त्या गल्लीत कोणाला काहीच दिसले नाही, यावर तपासात काम केलेल्या माणसाचा विश्वास बसणे कठीण आहे. सगळा समाज गुन्हेगार आहे असे मी कधीच म्हणणार नाही, परंतु सगळा समाज अनभिज्ञ असतो हेही मला मान्य नाही. निषेधाचे पत्रक नंतर काढण्यापेक्षा आधी एक माणूस जरी पोलिस ठाण्याची पायरी चढला तर कितीतरी जीव वाचतात.

श्रीवर्धनची_लेक

जुना_शिपाई साहेब, तुमचा मुद्दा मी नीट वाचला आणि त्याला उत्तर द्यावेसे वाटले, कारण मी श्रीवर्धन तालुक्यातील कोकणी मुस्लिम घरातील आहे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी या आमच्याच किनाऱ्यांवर स्फोटांचा माल उतरला. त्यानंतर कित्येक वर्षे मुंबईत गावाचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. माझ्या वडिलांनी मुंबईत खोली शोधताना शेवटी गावाऐवजी 'रायगड जिल्हा' एवढेच सांगायला सुरुवात केली.

आता ज्या खटल्यात दोष सिद्ध झाला, त्यात कोण होते ते पाहा. आमच्या समाजातील माणसे होती, हे मी नाकारत नाही आणि त्यांची लाज मला वाटते. पण माल अडवणे हेच ज्यांचे काम होते ते कस्टम्सचे अधिकारी आणि लाच घेऊन गाड्या सोडणारे पोलिसही त्याच खटल्यात दोषी ठरले, आणि त्यांतील कित्येकांची नावे आमच्या समाजातील नव्हती. त्यांच्या जातीच्या, धर्माच्या किंवा गावाच्या एकाही माणसाला कोणी विचारले नाही, की तुम्ही त्यांचा निषेध केला का. विचारूही नये. त्यांनी पैसे घेतले, त्यांना शिक्षा झाली, विषय संपला. हाच न्याय माझ्या वडिलांना का मिळाला नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

निषेधाबद्दल सांगायचे तर २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतील मुस्लिमांनी बकरी ईदला काळ्या फिती लावल्या होत्या. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास जामा मशिदीच्या विश्वस्तांनी नकार दिला, आणि ते मृतदेह एक वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. तो निर्णय मला पटला होता, कारण तो आतून आला होता. पण प्रत्येक घटनेनंतर कार्यालयात जेवणाच्या टेबलावर 'तुमच्या लोकांचे काय म्हणणे आहे?' असे कोणी विचारते, तेव्हा त्या प्रश्नात आधीच एक आरोप असतो, आणि निषेध करूनही तो मागे घेतला जात नाही. पुढच्या घटनेनंतर तो पुन्हा त्याच माणसाकडून येतो.

मंदार_ठाणे

सीएसटीवर मारल्या गेलेल्या प्रवाशांमध्ये अनेक मुस्लिम होते, हे त्या जेवणाच्या टेबलावर कोणाला आठवते का, असे विचारावेसे वाटते.

वाईकर

या विषयावर महाराष्ट्रातील काही घरांना फार दूर जायची गरज नाही. आमचे मूळ घर वाईजवळच्या एका खेड्यात होते आणि अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत ते गेले. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला; करणाऱ्याचे आडनाव कळले, आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्याच्या जातीची घरे, वाडे, दुकाने, छापखाने जळू लागले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत दादरला डॉ. नारायणराव सावरकरांना जमावाने दगडांनी जखमी केले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्यावर खुनाचा आरोप कधीही ठेवला गेला नव्हता.

त्याच वेळी लाल किल्ल्यात जो खटला चालला, त्यात न्यायालयाने काय केले ते यापुढे ठेवून पाहण्यासारखे आहे. आठ जणांवर खटला चालला. प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासला गेला. दोघांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप झाली, विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले, आणि पुढे अपिलात आणखी दोघे सुटले. देशाच्या सर्वांत मोठ्या माणसाचा खून झालेला असताना, लोकक्षोभ टोकाला पोहोचलेला असताना, एका न्यायाधीशाने आठ माणसांकडे आठ वेगळ्या माणसांसारखे पाहिले. आमच्या गावात मात्र शेकडो घरांकडे एकच घर असल्यासारखे पाहिले गेले.

आजोबा त्याविषयी फार बोलत नसत. आजीला मात्र शेवटपर्यंत एकच गोष्ट सलत होती: जाळायला आलेल्यांमध्ये ओळखीची माणसे होती आणि त्यांना आमच्या घराविषयी सगळे माहीत होते. म्हणून आमच्यासारख्या घरातील कोणी दुसऱ्या एखाद्या समाजाविषयी 'ती माणसे असलीच' असे म्हणतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

पंचगंगा

वाईकर, तुमच्या घराचे दुःख मी मान्य करते. एक भर घालते. त्या जाळपोळीमागे खुनाचा राग होता तसाच सावकारी, जमीन आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या काळापासूनचा साचलेला रागही होता, असे आमच्या भागातील जुनी माणसे सांगत. यातून समर्थन होत नाही. उलट, ज्याच्याशी भांडण होते त्याच्याशी ते न भांडता, दिल्लीतील खुनाचे निमित्त करून त्याच्या जातीतील कोणाचेही घर जाळले गेले, हे अधिकच स्पष्ट होते. समाजाला दोष देण्याची भाषा अनेकदा जुन्या हिशेबांना वाट करून देते.

काळा_कोट

मी फौजदारी वकिली करतो, तेव्हा कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण जुना_शिपाई यांच्या मुद्द्याला कायद्यात उत्तर आहे.

आपला फौजदारी कायदा एकट्या माणसापुरता थांबत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३४ समान इराद्यासाठी, कलम १४९ बेकायदेशीर जमावासाठी आणि कलम १२०-ब कटासाठी होते. आता भारतीय न्याय संहितेत तीच तत्त्वे वेगळ्या क्रमांकांनी आली आहेत. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कृत्यासाठीही तुम्हाला शिक्षा होऊ शकते. मात्र त्यासाठी तुमचा इरादा, तुमचा सहभाग किंवा तो उद्देश माहीत असूनही तुम्ही त्या जमावात राहिलात, हे सिद्ध व्हावे लागते. खोली देणाऱ्याला खोली कशासाठी आहे हे माहीत होते, तर तो आरोपी आहे. त्याला माहीत नव्हते, तर तो केवळ घरमालक आहे. शेजारचा केवळ शेजारी आहे. या तिघांना एका शब्दात बांधणे न्यायालयाला परवडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझींच्या एसएस आणि गेस्टापो यांसारख्या संघटनाच गुन्हेगारी स्वरूपाच्या ठरवल्या गेल्या. परंतु तिथेही ज्याला बळजबरीने भरती केले किंवा ज्याला संघटनेचे गुन्हे माहीत नव्हते, त्याला त्यातून वगळले गेले. मुख्य आरोपींपैकी तिघे निर्दोष सुटले. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ३३ मध्ये तर स्पष्टच आहे, की स्वतः न केलेल्या अपराधासाठी कोणालाही शिक्षा देता येणार नाही आणि सामूहिक शिक्षा निषिद्ध आहे. युद्धात शत्रूच्या नागरिकांनाही जे संरक्षण आहे, ते शांततेच्या काळात आपल्या शेजाऱ्याला नसावे?

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी आरोपीचे घर बुलडोझरने पाडण्याविरुद्ध जो निकाल दिला, त्यात हाच विचार आहे. घरात आरोपीची आई असते, मुले असतात; त्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढणे म्हणजे संपूर्ण कुटुंबाला शिक्षा देणे होय.

आणि कसाबच्या खटल्याचे एक अंग फारसे लक्षात घेतले जात नाही. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले आणि त्या दोघांना पुराव्याअभावी सोडले. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी आणि त्या दोघांची सुटका दोन्ही कायम ठेवली. शहराच्या जखमा ओल्या असताना ही छाननी झाली, याचा मुंबईकर म्हणून मला अभिमान वाटतो.

शनिवारातला

काळा_कोट यांच्या प्रतिसादाला पुण्याची पुरवणी. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. चापेकरांच्या कृत्याचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. मी सरकारने काय केले तेवढेच सांगतो. मारेकरी सापडायच्या आधीच पुण्यात जादा पोलिस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर टाकला गेला. नातू बंधूंना १८२७ च्या एका नियमाखाली खटला न चालवताच डांबून ठेवले गेले. टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 'पुण्याचे ब्राह्मण' हाच जणू आरोपी होता. ज्या गोष्टीला आपण आजवर परक्या सरकारचा जुलूम म्हणत आलो, तीच भाषा आपल्या सोसायटीच्या गटावर वापरली जाते, याचे दुःख वाटते.

जुना_शिपाई

काळा_कोट साहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, पण न्यायालयात जे चालते ते गुन्हा घडून गेल्यावर. मी गुन्हा घडण्याच्या आधीचे बोलत होतो. ज्याला खरोखरच काही दिसले आणि तो गप्प बसला, त्याचे काय?

काळा_कोट

ज्याला दिसले आणि जो गप्प बसला, त्याला जरूर जाब विचारावा. त्याचेही नाव असते.

माहीम_लोकल

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो. लिहावे की नाही ठरत नव्हते.

माझा थोरला भाऊ ११ जुलै २००६ ला पहिल्या वर्गाच्या डब्यात होता. चर्चगेटहून निघालेली गाडी, माहीम. त्यापलीकडचे मी इथे लिहिणार नाही.

२०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला होता. आता ती या जगात नाही, आणि २१ जुलैला ती हे ऐकायला नव्हती याचे मला बरे वाटले. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत, ओळख परेड मानली नाही. निकालाच्या बातम्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ज्यांनी एकोणीस वर्षे तुरुंगात काढली, ते जर निर्दोष होते, तर त्यांच्यावर झालेला अन्याय माझ्या भावाच्या नावाने झाला. आणि ते जर दोषी होते, तर तपास असा करून ठेवला, की न्यायालयाला त्यांना सोडावे लागले. दोन्हीपैकी काहीही खरे असले, तरी माझ्या हातात आज एकही नाव नाही.

राग कुठे तरी जातोच. ज्यांच्या हातात नाव नसते, त्यांचा राग एखाद्या वस्तीवर, टोपीवर, आडनावावर जाऊन बसतो. तो का बसतो, हे मला आतून माहीत आहे. म्हणूनच कळकळीने सांगतो, की माझ्या घरातील माणसाच्या मरणाचा उपयोग करून कोणत्याही समाजाला दोष देऊ नका. त्याने मला काहीही मिळत नाही. मला ज्याने पिशवी ठेवली त्याचे नाव हवे आहे. आणि ज्या अधिकाऱ्यांनी तपास केला, सह्या केल्या, पदके आणि बढत्या घेतल्या, त्यांतील कोणाला तरी एक प्रश्न विचारला जावा असे वाटते. वैयक्तिक जबाबदारी फक्त आरोपीलाच असते का? २००६ च्याच सप्टेंबरमध्ये मालेगावला शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट झाले. नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले, पुढे तपासाची दिशा पूर्ण बदलली, आणि २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतील एक जण हयात नव्हता. त्या चुकीच्या तपासासाठी कोणाचे नाव पुढे आले?

श्रीवर्धनची_लेक

माहीम_लोकल, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ काही करू शकले नाही. तुमच्या आईंना माझा सलाम. तुम्ही ज्या नावाची वाट पाहत आहात, त्या नावाची वाट आम्हीही पाहत आहोत, कारण ते सापडत नाही तोवर आमच्या प्रत्येकाच्या नावावर संशय राहतो.

दादरची_सुनंदा

विषय थोडा बाजूला जाईल, पण १९९३ मधील एक गोष्ट या चर्चेत यायला हवी. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे गेली. स्फोटांच्या जागा पाहून कोणालाही दोन महिन्यांपूर्वीच्या दंगलींची आठवण होत होती. तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या शरद पवारांनी दूरदर्शनवर जाऊन तेरा स्फोट झाल्याचे सांगितले आणि न घडलेल्या तेराव्या स्फोटाची जागा म्हणून मशीद बंदरचे नाव घेतले, जेणेकरून दोन्ही समाजांची माणसे मारली गेली असे लोकांना वाटावे. पुढे त्यांनी हे स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या रात्री शहर पेटले नाही.

मंदार_ठाणे

सुनंदाताई, मी असहमत आहे. शहर पेटले नाही याचा आनंद मलाही आहे, परंतु सरकारने लोकांशी खोटे बोलावे हे मला पटत नाही. शिवाय त्या खोट्यामागे एक गृहीतक आहे: मृतांमध्ये मुस्लिमही आहेत असे कळले तरच लोक मुस्लिमांना मारणार नाहीत. म्हणजे सामूहिक दोष देणे चूक आहे हे सांगण्याऐवजी, दोष देण्याचे कारण तात्पुरते पुसले गेले.

दादरची_सुनंदा

मंदार, तू त्या वेळी शाळेत असशील. मी डिसेंबर आणि जानेवारीत दादरच्या गच्चीवरून धूर पाहिला आहे. तत्त्व समजावून सांगायला त्या संध्याकाळी वेळ कोणाकडे होता? तत्त्वाचे काम नंतरच्या तीस वर्षांत करायचे होते, ते आपण केले नाही, ही तक्रार मला मान्य आहे.

कुर्ला_पश्चिम

दंगलींचा उल्लेख झालाच आहे, तर धाग्याचा मूळ प्रश्न मला तिथेच नेऊन तपासावासा वाटतो. १९९२-९३ च्या दंगलींत ९०० माणसे गेली. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा धर्म नोंदवता आला नाही. स्फोटांच्या खटल्यात १२३ जणांचा निकाल लागला, १०० दोषी ठरले, २३ सुटले, प्रत्येकाचे नाव देशाला कळले. दंगलींचे काय झाले? फिर्यादींमध्ये 'अनोळखी जमाव' असे लिहिले गेले, आणि कितीतरी प्रकरणे 'अ' समरी करून, म्हणजे गुन्हा खरा पण गुन्हेगार सापडत नाही असे म्हणून, बंद झाली. आयोगाने ३१ पोलिसांची नावे घेतली. त्यानंतर झालेल्या शिक्षा एका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात.

आपल्याला वाटते, की समाजाला दोष देणे म्हणजे अधिक कठोर होणे. माझ्या पाहण्यात उलटेच आले आहे. ज्याने माझ्या चाळीतील दुकान जाळले, तो आजही याच शहरात आहे, आणि तीस वर्षे 'हिंदूंनी जाळले' एवढेच बोलले जात असल्यामुळे तो निर्धास्त आहे. करोडो लोकांवर वाटलेला दोष कोणाच्याच वाट्याला येत नाही. जुना_शिपाई ज्याला हुडकू इच्छितात, तो गप्प बसलेला माणूससुद्धा अशाच घाऊक दोषाच्या आड लपतो, कारण सगळा समाज आरोपी झाला की समाजातील प्रत्येक जण बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पोलिस ठाण्याची पायरी चढण्याऐवजी दार लावून घेतो.

सरकारचे उत्तरदायित्व मात्र वेगळे आहे आणि ते ठेवलेच पाहिजे. दंगलीत बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई मिळाली नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्याजासह देण्याचा आदेश दिला आणि कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरल्याचे म्हटले. संस्थेकडे अधिकार असतात, पैसा असतो, हुकूम असतात. म्हणून संस्थेला जाब विचारता येतो. जन्माने मिळालेल्या समाजाला असा कोणताही हुकूम देता येत नाही.

विमुक्त

मी पारधी समाजातील आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या; सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणात वसाहती झाल्या आणि रोजची हजेरी लागली. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही कागदावर मुक्त झालो. आजही गावात चोरी झाली की गाडी आधी आमच्या पालांकडे येते, आणि खरा चोर तोवर लांब गेलेला असतो. कुर्ला_पश्चिम यांनी जे लिहिले, ते आमच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाशी जुळते.

भिवंडीकर

जुना_शिपाई यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते, कारण ती त्यांच्याच खात्याची आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचे नाव इतके खराब झाले होते, की 'भिवंडी' म्हणजेच दंगल असे समीकरण झाले होते. सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले तेव्हा त्यांनी प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांच्या समित्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून यंत्रमाग कामगार, दुकानदार, गृहिणी यांना हवालदाराशी नावाने ओळख करून दिली. भांडण नळाचे असो वा भाड्याचे, ते तिथेच मिटवले जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली.

तिथे हवालदाराला माहिती मिळे, कारण माहिती देणाऱ्याला संशयित म्हणून पाहिले जात नव्हते. माझे वडील अशा एका समितीत होते. त्यांच्याकडे रात्री-अपरात्री येऊन 'अमक्या घरात बाहेरची पोरे उतरली आहेत' असे सांगणारी माणसे दोन्ही समाजांतील होती.

जुना_शिपाई

खोपडे साहेबांच्या कामाविषयी खात्यात आदर आहे आणि तो योग्यच आहे. माझा आग्रह अजूनही आहे, की माहिती असलेल्याने बोललेच पाहिजे. पण ती मागणी समाजाकडे करून उपयोग नाही, हवालदाराने माणसाकडे जाऊन ती केली पाहिजे, एवढे भिवंडीकरांचे म्हणणे मला पटते. सध्या बीटवर जाऊन लोकांना ओळखायला शिपायाला वेळच मिळत नाही, हे दुखणे मोठे आहे.

पंचगंगा

निषेधाच्या मूळ प्रश्नावर एक विचार. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. कटामागचे डोके कोणाचे, हे आजही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. मी हिंदू आहे. या खुनासाठी मी दोषी आहे असे मला वाटत नाही. तरीही तो माझ्या धर्माच्या रक्षणाच्या नावाखाली झाला असेल, तर 'माझ्या नावाने हे करू नका' असे सांगायला मी मोर्चात गेले. मला कोणी बोलावले नव्हते. बोलावले असते आणि माझी हजेरी घेतली असती, तर त्या जाण्याला काही अर्थ उरला नसता. श्रीवर्धनची_लेक यांच्या काळ्या फितींकडे मी याच दृष्टीने पाहते.

परळकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार, विशेषतः माहीम_लोकल यांचे.

मी विचारले होते, की समाजावर काही जबाबदारी येते का. पंचगंगा आणि भिवंडीकर यांचे वाचून माझे मत असे झाले आहे: जबाबदारी येते, पण ती माझ्यापर्यंत माझ्या आवाक्याइतकीच येते. माझ्या भाच्याने द्वेषाचा मजकूर पुढे पाठवला तर त्याला थांबवणे माझ्या आवाक्यात आहे, आणि तसे न केल्यास तो दोष माझा, माझ्या नावाने आहे. ज्याला मी कधी भेटलो नाही त्याच्या कृत्याचा जाब मला विचारता येत नाही, आणि मलाही तो माझ्या मुस्लिम शेजाऱ्याला विचारता येत नाही.

आता एक व्यावहारिक प्रश्न. ३१ जुलैनंतरच्या वादावादीत आमच्या गटावर एका सदस्याने असे सुचवले आहे, की यापुढे सोसायटीतील सदनिका 'त्या लोकांना' विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत करावा. अनेकांनी अंगठे दाखवले आहेत. याला कायद्यात काय उत्तर आहे?

काळा_कोट

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम २३ पाहा. पात्र असलेल्या व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. भाडेकरूच्या बाबतीत सदनिकाधारकाने सोसायटीला कळवायचे असते आणि पोलिसांकडे नोंद करायची असते. ठराव चर्चेला आलाच तर तुमचा विरोध तोंडी ठेवू नका. तो लेखी द्या, सही करा, आणि इतिवृत्तात तुमच्या नावासह नोंदवला गेला आहे की नाही ते पाहा. बाजूने मत देणाऱ्यांचीही नावे इतिवृत्तात यावीत, असा आग्रह धरा.

परळकर (धागाकर्ता)

सभा २४ तारखेला आहे. पत्राचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो, कृपया नजर टाकावी.

माहीम_लोकल

त्या पत्रावर बाहेरच्या माणसाची सही चालत नसेल, पण माझा वरचा प्रतिसाद सभेत वाचून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. माझी हरकत नाही.